लेस्टरची टोपी

आमच्या वालार गावात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हाच आमचा रामराम. भांडण असलं तरी तो चुकत नाही.

रविवारी दुपारी नवऱ्याला, लेस्टरला घेऊन मी जुन्या तांब्याच्या खाणींकडे फिरायला निघाले. पहिल्याच गाडीला बोट उचललं, तर ती कडेला थांबली. चालवणारा उतरला आणि टोपी काढून, छातीशी धरून उभा राहिला.

असं आम्ही फक्त प्रेतयात्रेला करतो. मी आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा.

दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही.

"डोकं फिरलंय का सगळ्यांचं?" मी वैतागले.

"तूच कुणाशी तरी भांडली असशील," लेस्टर म्हणाला.

चौथा आमचा शेजारी क्लेम. मी काच खाली करून ओरडले, "अरे बाबा, मेलंय तरी कोण?"

क्लेमनं नुसती मान खाली घातली.

"बघ! उत्तर द्यायला याचं तोंड झिजतं का?" म्हणत मी लेस्टरकडे वळले.

जेवतानासुद्धा लेस्टरच्या डोक्यावरची टोपी निघत नाही. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मग त्यानं सावकाश टोपी काढली आणि छातीशी धरली.