लावारचा सुरा

सुआर्ताच्या एका खोडीपुढे त्याच्या बायकोनं, सुकेर्तीनं, हात टेकले होते. घरात पाण्याचा तांब्या उचलतानाही धाप लागणारा हा माणूस, चारचौघांत हाक आली की पंचविशीतल्या गड्यासारखा ताडकन उठायचा. हा थकवा झोपेनं जाणारा नाही, बेतानं राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी प्रत्येक उत्सवात तो हसत हसत राबायचा, आणि पुढं आठवडाभर सुकेर्ती त्याला अंथरुणात घास भरवायची.

आज देवळाच्या उत्सवाला लावार, म्हणजे खोबरं-मसाला घातलेलं बारीक चिरलेलं मांस, करायचं म्हणून वाडीतले पुरुष पहाटेच मांस चिरायला बसले होते. फुलांची टोपली घेऊन सुकेर्ती नवऱ्याच्या मागोमाग आली. मुखियानं सुरा पुढं केला.

"ये रे सुआर्ता. की बायकोनं बांधून ठेवलंय?"

सगळे हसले.

सुआर्तानं सुरा घेतला नाही. "मला नाही जमायचं. आजारी आहे मी. इथं बसून नुसत्या गप्पा मारल्या तर चालेल?"

हसू विरलं. मग कुणीतरी भिंतीकडची चटई त्याच्याकडं सरकवली, कुणी कॉफी ओतली.

सुकेर्तीनं टोपली खाली ठेवली आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा मर्दासारखं वागलात."