आज्जा, ताई

"तुम्ही मुलीला 'ये' म्हणालात, मग ती आत कशी गेली?"

काउंटरमागच्या शिवमलरने हे इंग्रजीत विचारलं, तेव्हा मृणालिनी दुकानाच्या दारातच हातमोजे ओढत उभी होती. डेव्हन ॲव्हेन्यूवर वारा असा सुटला होता, की पुण्याच्या थंडीचं कौतुक सांगणाऱ्यांना एकदा इथे आणून उभं करावं. लेक स्वानंदी केव्हाच आत, चॉकलेटांपाशी पोचली होती.

"मी 'आत जा' म्हटलं. मराठीत. गो इनसाइड."

"आज्जा?"

"हां, घाईत तसंच ऐकू येतं."

शिवमलरने हातातला तांदळाचा पुडा खाली ठेवला. ती मूळची जाफन्याची, श्रीलंकेतल्या यादवीतून निसटून इथे आलेली. एरवी बोलायला महाकंजूस. आज मात्र मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी ती थांबेना.

१९८७ साली भारताची फौज जाफन्यात होती. त्यातला एक जवान तिच्या गल्लीत गोळी लागून पडला. ती दार अर्धं उघडून उभी होती. तो तिच्याकडे बघत हात हलवत होता आणि पुन्हापुन्हा तेच म्हणत होता. आज्जा, ताई. आज्जा. गोळ्या चालूच होत्या. तिने दार लावून घेतलं. गोळीबार थांबल्यावर उघडलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

"इथे एका दिल्लीवाल्याने अर्थ सांगितला. 'आ जा' म्हणजे ये. आणि ताई म्हणजे आमच्या तमिळमध्ये आई. तो मला आई म्हणून बोलावत होता, आणि मी दार लावलं." तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

मृणालिनी काउंटरपाशी आली. "अहो, हिंदीवाला दीदी म्हणाला असता. ताई आम्ही म्हणतो, मोठ्या बहिणीला. तो मराठी मुलगा होता. तो 'ये' म्हणत नव्हता."

"मॉम, कॅन आय गेट धिस?" स्वानंदीने विचारलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. शिवमलर काउंटरला धरून उभी होती, ओठ हलत होते, दोन्ही शब्द पुन्हा जुळवून बघितल्यासारखे.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मी त्याचं ऐकलं."