जखमीसोबत एकच माणूस

निरोजनच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला आणि त्याला दुधाच्या भुकटीचं पाकीट मिळालं, तेव्हापासून योगराणीला धाकट्या जावेचं तोंड बघवेना.

दोघींचा खंदक एकच होता. मात्तळनच्या किनाऱ्यावर वाळूत खणलेला, दोघींच्या साड्या फाडून शिवलेल्या वाळूच्या पोत्यांनी वेढलेला. नवरे दोघींचेही गेले होते. उरली होती ती ही चौघं : योगराणी आणि तिची पंधरा वर्षांची तर्शिनी, कोकिला आणि तिचा निरोजन. सकाळी मदतीची पेज मिळायची, तीत भाताची शितं शोधावी लागत. निरोजनला मात्र वर दूध. कोकिला ते कालवायला बसली की योगराणी पाठ फिरवायची.

तर्शिनीला ती दिवसा बाहेर पडू देत नसे. चळवळीची पोरं सैन्याशी लढायला माणसं गोळा करत फिरत होती, आणि आता त्यांना कोवळ्या मुलीही चालत होत्या. लग्न झालेल्यांना नेत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून योगराणीनं आपली जपून ठेवलेली ताली, लग्नातलं मंगळसूत्र, लेकीच्या गळ्यात घालून बघितली. पोरगी आणखीच लहान दिसायला लागली.

त्या दुपारी दवाखान्याच्या तंबूतून निरोप आला. उद्या मदतीचं जहाज येतंय. जखमींना घेऊन जाईल. जखमीसोबत घरचं एकच माणूस.

कोकिला बोचकं बांधायला लागली.

“नशीब काढलंस,” योगराणी म्हणाली.

“अक्का, त्याचा पाय कापावा लागणार म्हणतात.”

“पायच ना? पोरगं तर राहतंय. उद्या तू जहाजात बसशील. तिकडं भात असेल, डोक्यावर छप्पर असेल. माझी धडधाकट पडली, तिला कोण विचारतंय?” आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, “देवानं एवढासा तुकडा माझ्या पोरीच्या हातात घातला असता, तर त्याचं काय बिघडलं असतं?”

तर्शिनी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं दोन्ही हात काखेत लपवले.

कोकिला पोरीकडे बघत राहिली. मग तिनं बोचकं सोडलं, आपलं लुगडं बाहेर काढलं आणि निरोजनचा सदरा तेवढा आत ठेवून पुन्हा गाठ मारली.

सकाळी तिनं तर्शिनीला समोर बसवून वेणी घातली. “तू निरोजनची सख्खी बहीण. कळलं? आणि मला चिन्नम्मा, काकू म्हणायचं नाही. नुसतं अम्मा. चुकलीस तर होडीतून खाली ओढतील.”

“आणि तू?” योगराणीनं विचारलं.

“मला न्यायला ती पोरं येणार नाहीत, अक्का. हिला न्यायला येतील.”

योगराणीनं तिचे पाय धरायला हवे होते. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. हा मोठेपणाही हिच्याच वाट्याला!

“तू मात्र जवळ येऊ नकोस,” कोकिला म्हणाली. “तुला बघितलं की ती रडेल.”

म्हणून योगराणी लांब गर्दीत उभी राहिली. जहाज दूर, पाण्यात थांबलं होतं. किनाऱ्यावरून होड्या जखमींना नेत होत्या, आणि होड्यांपाशी बंदूक घेतलेला चळवळीचा एक पोरगा प्रत्येकाला निरखत होता.

“ही कोण?”

“माझी थोरली,” कोकिला म्हणाली.

“तू का जात नाहीस?”

“सासू आजारी आहे. तिला कुणाच्या गळ्यात टाकू?”

“हिचं वय?”

“तेरा.”

“तेरा? एवढी थोराड?”

“बापावर गेलीय.”

त्यानं वाकून निरोजनला विचारलं, “ही कोण रे तुझी?”

निरोजनला ताप चढला होता. “अक्का,” तो पुटपुटला. एरवीही तो तर्शिनीला हेच म्हणायचा.

बंदूकवाला बाजूला झाला.

कोळ्यांनी होडी ढकलली. कोकिला कमरेइतक्या पाण्यापर्यंत तिच्या मागं गेली. पहिल्या लाटेवर होडी उचलली गेली, तशी तर्शिनी वळली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “अम्मा! अम्मा, येते गं!”

ती बघत होती कोकिलाकडे.

कोकिलानं दोन्ही हात वर केले. लांब उभ्या योगराणीचाही हात वर गेला, पण तिनं तो तसाच खाली आणला आणि पदर घट्ट धरला.

“आईसाठी कशी तुटतेय बघ पोर,” शेजारची म्हातारी म्हणाली.

“हो,” योगराणी म्हणाली.

जहाज दिसेनासं होईपर्यंत दोघी आपापल्या जागी उभ्या होत्या. मग कोकिला वर आली, वाळूत बसली आणि लुगड्याचं पाणी पिळायला लागली. मागच्या खाडीपलीकडे सैन्याच्या तोफा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

“तुला अम्मा म्हणाली,” योगराणी म्हणाली.

“मीच शिकवलं होतं ना.”

“त्या बंदूकवाल्यासमोर म्हणायला शिकवलं होतंस. होडी सुटल्यावर कोण विचारत होतं?”

कोकिलाचा पिळणारा हात थांबला.

“तुझी निदान ओरडली तरी, अक्का,” ती म्हणाली. “माझा होडीत तिच्या मांडीवर डोकं ठेवून असा निजला, जशी काही मी त्याची कुणी नव्हतेच.”