बुटका कठडा

"कायद्यापुढं अज्ञानाची सबब चालत नाही!" राजूरच्या मुलींच्या वसतिगृहात उभं राहून तपासणीला आलेल्या साहेबांनी अशी गर्जना केली आणि वरच्या मजल्याला कुलूप ठोकलं. जिन्याचा कठडा म्हणे सुरक्षा मानकापेक्षा बुटका होता. आता वरच्या मुली डोंगरातल्या वाड्यांवर परत धाडाव्या लागणार होत्या, आणि एकदा गेलेली पोर शाळेत परत येईलच असं नव्हतं.

"साहेब, किती उंच पायजे तेवढं सांगा," अधीक्षिका रतनबाई म्हणाल्या. "उद्याच वेल्डर बोलावते."

"ते मानकात लिहिलंय."

"मग ते दाखवा की."

"कसं दाखवणार? कॉपीराइट आहे त्याच्यावर."

"म्हंजी पाळला न्हाई तर गुन्हा, आन् वाचला तर चोरी? लई ग्वाड कायदा हाय तुमचा!"

रतनबाईंनी हा सगळा प्रकार घरी सांगितला. त्यांच्या भाचीनं, निकितानं, कुठूनसं ते मानक शोधून काढलं आणि तालुक्यातल्या सगळ्या वसतिगृहांच्या ग्रुपवर टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा दारात. मानक छापणाऱ्या प्रकाशकाची तक्रार आली होती. ताबडतोब पुसा, नाहीतर पोलिसांत देतो.

"पुसते," एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून रतनबाईंनी मोबाईल उचलला.

साहेबांनी मागंपुढं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.



"बाई, पुसायच्या आधी तेवढं मला पाठवता का? तुमचा कठडा किती बुटका आहे, ते रिपोर्टात लिहायचं राहिलंय."