मोडकं शिंग
शालूबाईंच्या दूधडेअरीचा लोगो डिझायनर सोनलनं बदलून पाचव्यांदा पाठवला आणि धास्तावूनच फोन केला. "छान हाय गं पोरी," शालूबाई म्हणाल्या, "पण म्हशीचं डावं शिंग परत नीट केलंस!" "मावशी, मोडकं शिंग वाईट दिसतं. गिऱ्हाईक काय म्हणेल?" शालूबाईंनी सांगितलं, "महापुरात गोठ्याचं दार फोडताना आमच्या चंद्री म्हशीचं मोडलं ते. तिचं शेपूट धरून आमी मायलेकी काठाला लागलो. आता म्हातारी झाली. उद्या गोठ्यात नसंल, पाटीवर तरी असूदे." तासाभरात सहावा लोगो आला. डावं शिंग अर्धंच होतं. शालूबाई मोबाईल घेऊन गोठ्यात गेल्या. "बघ गं चंद्रे, तूच हायस न्हवं?" चंद्रीनं हुंगलं आणि काच चाटून लख्ख केली. पदरानं फोन पुसत शालूबाईंनी कळवलं: "चंद्रीला पसंत हाय. शेपूट तेवढं जरा लांब कर."