कणगीतली माती

लिंबाजीचा हिशोब सरळ होता. ज्वारीची धसकटं वेचायचे कष्ट वाचणार, जमीन सुधारणार आणि एकरी चार पोती जास्त येणार. प्रयोगशाळेतले जिवाणू शिंपडले, की ज्वारीचं जे काही वाळलेलं असेल त्याची दोन दिवसांत काळीभोर माती होई.

ती माती इतकी चिकट, की त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, ती शेणात कालवून बियाण्याची कणगी लिंपली. तिचं बघून गावभर बायकांनी लिंपल्या.

पेरणीच्या सकाळी लिंबाजीनं कणगीत हात घातला. मूठभर मऊ माती निघाली.

"अगं, ज्वारी कुठंय?"

"हातात धरलीय की!" कोंडाबाई म्हणाली.

तो उसनं बी मागायला निघाला, तर शेजारची सोनाबाई रिकामं सूप घेऊन दारात उभी.

"भावजी, तुमच्याकडं तरी असंल म्हणून आले."

"तालुक्याहून आणू."

"कुठलं आणताय! गाड्यांच्या चाकांना लागून ही माती कवाच पोचली तिथं. दुकानातलं बियाणंबी गेलं."

जमिनीला आजवर असा कस नव्हता. लिंबाजीचे कष्टही वाचले. उपाशी राहिली ती आधी गोठ्यातली जनावरं, कारण कडब्याचीही मातीच झाली होती, आणि मग घराघरातली पोरं.