सुतकातलं मतदान

"वैनी, सुतकात कुठं निघालीस गं?"

"मत द्यायला." इपेझे थांबली नाही.

"अख्ख्या लिफू बेटानं जायचं नाही असं ठरवलंय, आणि तू चाललीस? दादाला जाऊन वर्षही झालं नाही!"

"तुझ्या दादासाठीच चाललेय, सेलीना."

साथीनं बेटावरची किती घरं ओकीबोकी केली होती. आम्ही वर्षभर दुखवटा पाळतो, तेवढं मतदान पुढं ढकला, असं बेटांवरच्या मूळच्या कानाक लोकांच्या वडीलधाऱ्यांनी फ्रान्सला कळवलं होतं. फ्रान्सनं तारीख हलवली नाही. फ्रान्सपासून स्वतंत्र व्हायचं का, हे याआधी दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा इपेझे आणि तिचा नवरा वालाने जोडीनं गेले, 'होय' म्हणून आले आणि हरले. आपल्याच बेटांवर कानाक आता निम्म्याहून कमी, बाकीचे बहुतेक बाहेरून येऊन वसलेले आणि फ्रान्सच्या बाजूचे. तरी दुसऱ्या खेपेला थोडक्यात गेलं. तिसऱ्याला जिंकू, असं वालाने तापातही बरळत होता. आणि इपेझेचं काळीज आता थकलेलं. चौथी खेप ती काही बघणार नव्हती.

शाळेच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. पॅरिसहून आलेला अधिकारी, ज्युलियाँ, लगबगीनं उठला. सकाळपासून आलेली ती पहिलीच. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस भला होता.

"एकट्याच आलात, आजी? आजोबा नाही आले?"

इपेझेनं पाण्याचा पेला बाजूला ठेवला. चार दिवस हा गावात राहतोय. रोज संध्याकाळी शेजारच्या घरातून दुखवट्याची गाणी ऐकतोय. इथं कुणाचं कोण गेलं, एवढंही यानं कुणाला विचारलं नव्हतं.

पाणी न पिताच ती उठली आणि बाहेर येऊन दारासमोरच्या झाडाखाली बसली. काही वेळानं सेलीना आली. वहिनीला खेटून टेकली.

मतदानाची वेळ संपली तेव्हा ज्युलियाँ बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पेटी रिकामी निघाली, आजी. आता बाकीच्यांच्या मतांवर निकाल 'नाही' असाच लागणार. निदान तुम्ही तरी उत्तर द्यायचं होतंत."

"दोनदा तुम्ही विचारलंत, आम्ही उत्तर दिलं," इपेझे म्हणाली. "या वेळी आम्ही विचारलं होतं, थांबता का म्हणून. तुमचं उत्तर पोचलं."